मुक्कामाचा धंदा आणि मालकाचा जीव

आपल्या समाजात आज नोकरदार आहेत, शिक्षक आहेत, डॉक्टर-वकील आहेत. पण चार खोल्यांचे लॉज चालवणारा, किंवा राहत्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देऊन संसार चालवणारा जयभीमवाला शोधायला गेले तर फार सापडत नाहीत. जे आहेत ते बहुधा वेरूळ-अजिंठ्याच्या रस्त्यावर, कोकणात समुद्राकाठी किंवा नागपुरात आहेत. कोणी निवृत्तीच्या पैशातून खोल्या बांधल्या, कोणी गिरणीचा हिशेब मिळाल्यावर गावाकडे येऊन. त्यांच्या धंद्याविषयी आणि त्याहून जास्त त्यांच्या प्रकृतीविषयी चार गोष्टी लिहायच्या आहेत. मी स्वतः कारकून माणूस. बी.कॉम. झालो म्हणून वस्तीतले लोक कर्जाचे अर्ज आणि हिशेबाच्या वह्या घेऊन माझ्याकडे येतात. त्या वह्यांतून हा धंदा मला जवळून पाहायला मिळाला.

या धंद्यात उतरायचे म्हटले की घरातले एखादे वृद्ध गृहस्थ हमखास म्हणतात, "पुन्हा पाहुण्यांची वेठ करायची काय?" तरुणांना हे जुनाट वाटते, पण या बोलण्यामागे इतिहास आहे. महार वतनात गावकामगाराला आलेल्या सरकारी अंमलदाराची सरबराई करावी लागे. सामान वाहणे, लाकूडफाटा आणणे, घोड्याला वैरण घालणे, रात्री पहारा देणे ही त्यांतली कामे. वेळ ठरलेली नाही आणि मोबदला म्हणजे बलुत्याचे तुकडे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते याच गुलामीविरुद्ध. ही वतने कायद्याने रद्द झाली ती १९५८ सालच्या कायद्याने, म्हणजे बाबासाहेब गेल्यानंतर. ज्याच्या बापाने ती वेठ पाहिली, त्याला पाहुण्याची बादली उचलणे सहजासहजी रुचणार नाही.

पण वेठ आणि धंदा यांत फरक कशाने पडतो? माझे उत्तर एका शब्दाचे आहे : पाटी. खोलीचा दर इतका, नाश्ता इतका, खोली सोडण्याची वेळ सकाळी दहा, रात्री साडेदहानंतर दार बंद. ज्याने हे लिहून भिंतीवर लावले तो धंदेवाईक झाला. ज्याने लावले नाही, त्याला पाहुणा रात्री बाराला उठवून चहा मागतो आणि तो उठतो. वेठीला दर नव्हता, वेळ नव्हती आणि नकार देण्याची सोय नव्हती. या तिन्ही गोष्टी ज्याच्या हातात आहेत त्याने कोणाची बादली उचलली तर त्यात कमीपणा कसला?

मुक्कामाच्या खोलीचे आपल्याला एक वेगळेच मोल आहे, तेही सांगितले पाहिजे. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून आले आणि करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या या माणसाला बडोद्यात राहायला खोली मिळेना. हिंदू हॉटेलात जात सांगावी लागणार होती. शेवटी एका पारशी मुक्कामघरात ते गेले. ते फक्त पारशांसाठी होते, पण गिऱ्हाईक नसल्यामुळे रिकामे पडले होते. तिथल्या रखवालदाराने तोड काढून त्यांना ठेवून घेतले. दर दिवसाला दीड रुपया, आणि रजिस्टरात पारशी नाव! वरच्या मजल्यावर अडगळीने भरलेल्या मोठ्या दालनाच्या बाजूला एक खोली, विजेचा दिवा नाही, संध्याकाळी रखवालदार एक कंदील आणून देई. त्या एकांतात बाबासाहेब पुस्तके वाचत बसत. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. दोन मित्रांकडे आसरा मिळाला नाही. मग कामाठी बागेत पाच तास बसून रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. हे त्यांनी स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले आहे आणि १९९० साली ते पुस्तिकेच्या रूपाने छापलेही गेले.

हा प्रसंग आपण जयंतीच्या भाषणात ऐकतो आणि डोळे पुसतो. पण लॉजवाल्याने तो वेगळ्या डोळ्यांनी वाचावा. त्या रखवालदाराला गिऱ्हाईक हवे होते, पैसा हवा होता, माणुसकीही थोडीफार होती. पण जमाव आला तेव्हा त्याच्याकडे उभे राहायला ना नियम होता, ना कायदा. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने मुंबई इलाख्यात सरकारी पैशाच्या विहिरी, पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, पण बऱ्याच ठिकाणी त्या कागदावरच. पंढरपूरला गाडगेबाबांनी चोखामेळा धर्मशाळा उभी केली ती याचसाठी, आणि १९४९ साली ती त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. पुढे संविधानाच्या पंधराव्या कलमाने उपाहारगृहे, हॉटेले सर्वांना खुली केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात धर्मशाळा, सराई, मुसाफिरखाना हे शब्द स्पष्ट आले. (१९७६ पासून त्याच कायद्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा.) तेव्हा आज आपण दार उघडून बसलो आहोत ते एवढ्या मोठ्या वाटेने चालत आल्यावर.

आणि तरीही प्रश्न संपलेला नाही, फक्त उलटा झाला आहे. पूर्वी खोली मागणाऱ्याला नाव लपवावे लागे. आता खोली देणाऱ्याला कोणी कोणी सल्ला देतात की आडनाव पाटीवर नको, हॉलमधला बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत न्या, धंदा वाढेल. काही पाहुणे फोनवर गोडीने "आपण मूळचे कुठले?" असे विचारतात आणि उत्तर ऐकल्यावर "कळवतो" म्हणून फोन ठेवतात. हे घडते. वेरूळकडच्या एका घरात नवऱ्याने फोटो काढला आणि बायकोने तो त्याच संध्याकाळी पुन्हा लावला. मी त्या ताईंच्या बाजूचा आहे. जो पाहुणा फोटो पाहून परत जाईल, तो तसाच गेलेला बरा. तो राहिला असता तर चार दिवस घरातल्यांनी जीव मुठीत धरून वागायचे, लेकरांनी एकमेकांना जयभीम हळू आवाजात घालायचा, हे कोणत्या भाड्यात बसते? त्यातून नुकसान किती होते तेही वहीत पाहावे. त्या घरी फोटो परत लागल्यानंतरच्या सीझनला खोल्या पूर्वीइतक्याच गेल्या, उलट फोटो पाहून आपुलकीने बोलणारे नवे पाहुणे जोडले गेले.

आता वहीकडे वळतो, कारण बहुतेक लॉजवाल्यांची प्रकृती वहीपासून बिघडते. घरखर्चाचा आणि धंद्याचा पैसा एकाच डब्यात असतो. सीझनला डबा भरलेला दिसतो म्हणून मुलीच्या लग्नाला हात सैल सुटतो आणि जुलैत गादी बदलायला पैसे नसतात.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, आपापले घालून पाहावेत. चार खोल्या आहेत, महिन्याचे तीस दिवस, म्हणजे विकायला १२० रात्री. बेताच्या महिन्यात त्यांतल्या ४८ गेल्या, म्हणजे शेकडा ४०. दर ९०० रुपये. जमा ४३,२०० रुपये. एवढा आकडा ऐकून शेजारी म्हणतात, मजा आहे तुमची! पण खर्च मांडा. निम्मी गिऱ्हाइके मोबाइलवरच्या बुकिंग कंपन्यांकडून आली आणि कमिशन शेकडा १५ धरले, तर ३,२४० गेले. वीज ५,५००. चादरी-टॉवेल धुणे, साबण, फिनेल मिळून एका रात्रीमागे ८० रुपये, म्हणजे ३,८४०. कर्जाचा हप्ता ९,०००. मदतनीस बाईंचा पगार ६,०००. आणि गाद्या, गिझर, रंग यांसाठी दर रात्रीमागे ५० रुपये बाजूला, म्हणजे २,४००. ही शेवटची रक्कम कोणी बाजूला ठेवत नाही. आम्ही हिशेबवाले तिला घसारा म्हणतो. गादी दर रात्री थोडी थोडी विकली जात असते, एवढाच त्याचा अर्थ. एकूण खर्च २९,९८०. हाती राहिले १३,२२०. राबले कोण? नवरा आणि बायको दोघे, तीसही दिवस. माणशी दिवसाला २२० रुपये पडले. गवंड्याच्या हाताखालचा मजूर याहून जास्त घेतो आणि संध्याकाळी घरी जातो.

चांगल्या सीझनला याच खोल्या ८४ रात्री गेल्या तर जमा ७५,६०० होते. वाढीव वीज, धुणे, कमिशन, गाद्यांची रक्कम सगळे वजा जाता साधारण साडेछत्तीस हजार उरतात. हे पैसे एका महिन्याचे समजू नयेत. त्यांत जून ते सप्टेंबरचा वाटा आहे. बँकेत धंद्याचे वेगळे खाते उघडावे, त्यातून दोघांनी दर महिन्याला ठरलेला पगार घ्यावा, दोघांच्या नावाने. बाईच्या नावाने पगार पडला की घरातले बरेच तंटे मिटतात, असा माझा अनुभव आहे. तिच्या कष्टाला वहीत एक ओळ मिळते. रोकडवही रोज रात्री लिहावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी दहावीतले लेकरू असतेच.

दुसरी गळती आपल्याच माणसांची. बोलायला अवघड आहे, पण बोलतो. दीक्षाभूमीला दसऱ्याला, चैत्यभूमीला सहा डिसेंबरला लाखो लोक येतात, ओळख ना पाळख पण वस्तीतले लोक त्यांना घरात जागा देतात, जेवू घालतात. हे आपले वैभव आहे आणि ते तसेच राहावे. पण याच सवयीने एखादा कार्यकर्ता लॉजवर आठ माणसे घेऊन येतो, दोन दिवस राहतो आणि जाताना "जयभीम, समाजाचे काम आहे" म्हणून निघून जातो. मालकाला मागायला लाज वाटते. मी सांगतो, लाज येणाऱ्याला वाटली पाहिजे. वर्षातल्या अमुक रात्री समाजासाठी मोफत असे आधीच ठरवा, वहीत दान म्हणून लिहा. बाकीच्या रात्रींचे बिल द्या, अगदी मंत्र्यालाही.

धंदा वाढवायचा तर पाहुणा कोण येतो ते ओळखायला हवे. अजिंठा आणि वेरूळ ही लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. श्रीलंका, थायलंड, जपान, व्हिएतनाम येथून उपासक येतात. त्यांच्याविषयी जे ज्ञान आपल्याकडे सहज आहे, ते मोठ्या हॉटेलातल्या सुटाबुटातल्या मॅनेजरकडे असेलच असे नाही. श्रीलंका-थायलंडचे भिक्खू दुपारी बारानंतर जेवण घेत नाहीत. मग त्यांना नाश्ता पहाटे आणि भोजन अकराला तयार हवे, दुपारी दीडला थाळी मांडून उपयोग नाही. अष्टशील पाळणारी उपासिका उंच, मऊ पलंग टाळते, तिला साधी बैठी गादी द्यावी. भिक्खूंना स्त्रिया उतरलेल्या खोलीत जागा देऊ नये. व्हिएतनाम आणि तैवानचे पुष्कळ बौद्ध शाकाहारी तर असतातच, पण कांदा-लसूणही वर्ज्य मानतात. त्यांच्या वरणाची फोडणी जिऱ्या-मोहरीची. एवढे ज्या घराला ठाऊक आहे, त्या घराचे नाव तो गट आपल्या देशात जाऊन सांगतो.

मज्झिम निकायात भग्गव नावाच्या कुंभाराची गोष्ट आहे. भगवान बुद्ध राजगृहाला त्याच्या दारी आले आणि एका रात्रीपुरती त्याच्या कामाच्या जागेत राहण्याची परवानगी मागितली. कुंभार म्हणाला, माझी हरकत नाही, पण तिथे आधीच एक प्रव्रजित उतरला आहे, त्याची संमती असेल तर राहा. समोर कोण उभे आहे हे पाहून त्याने आधीच्या मुक्कामी माणसाला बाजूला केले नाही. आपल्याकडे जास्त पैशाचे गिऱ्हाईक आले की आधीच्या पाहुण्याला "नळ बिघडलाय" सांगून दुसऱ्या खोलीत ढकलतात. कुंभाराचा धंदा मडक्यांचा होता, पण खोली द्यावी कशी हे त्याला बरे कळत होते.

कागदपत्रांचे थोडक्यात. राहत्या घरात खोल्या देण्यासाठी केंद्र सरकारची घरगुती निवासाची योजना आहे. तिच्यात एक ते सहा खोल्या आणि जास्तीत जास्त बारा खाटा चालतात, मालकाने त्याच घरात राहिले पाहिजे. राज्याच्या पर्यटन खात्याकडेही नोंदणी होते. जेवण-नाश्ता देत असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी हवी आणि गॅस व्यापारी टाकीचा, घरच्या लाल टाकीचा नव्हे. परदेशी पाहुण्याची माहिती चोवीस तासांच्या आत ऑनलाइन कळवावी लागते, यात हयगय नको. सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बाराऐवजी पाच टक्के झाला. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असणाऱ्याला नोंदणी सहसा लागत नाही. कर्जासाठी मुद्रा योजना आहे, २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घरगुती निवासांसाठी मुद्रा कर्जाची घोषणा झाली. महात्मा फुले मागासवर्गीय विकास महामंडळ आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती लागू आहेत. भगिनींसाठी राज्याने २०२३ साली 'आई' नावाचे महिला पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटन व्यवसायाच्या कर्जावरील व्याजाचा परतावा मिळतो. जिल्ह्याच्या पर्यटन कार्यालयात जाऊन चौकशी करावी, दलालाला पैसे देऊ नयेत.

आता जिवाकडे येतो. लॉजवाल्याला सुटी नसते. कारखान्यातली रात्रपाळी निदान आठवड्याने बदलते, याची कधीच बदलत नाही. रात्री दीडला गाडी येते, पहाटे पाचला गरम पाणी हवे. दिवसा झोपू म्हणतो तर दहाला खोल्या रिकाम्या होतात आणि झाडलोट सुरू. तुटक्या झोपेने रक्तदाब आणि साखर वाढते, चिडचिड होते आणि ती पाहुण्यावर काढता येत नाही म्हणून लेकरांवर निघते. अशा घरातल्या मुलांचा अभ्यास हा तर वेगळाच विषय आहे. हॉलमध्ये परके लोक टीव्ही पाहत बसलेले, मुलगी दहावीची पुस्तके घेऊन स्वयंपाकघरात. घर बांधतानाच, किंवा आता तरी, एक खोली अशी ठेवा की तिचे दार पाहुण्यासाठी कधीही उघडणार नाही, सीझन कितीही जोरात असो. त्या खोलीचे भाडे बुडाले तर बुडू द्या.

झोपेसाठी उपाय वाटणीचा आहे. बायकोने पहाटेची बाजू घेतली तर नवऱ्याने रात्रीची, आणि दर आठवड्याला अदलाबदल. सात तासांची झोप प्रत्येकाला मिळालीच पाहिजे, तुकड्यांत नको. रात्री साडेदहानंतर येणाऱ्याने आधी कळवावे हे पाटीवर लिहा. मोबाइल दोघांच्याही उशाशी नको, ज्याची पाळी त्याच्याकडे.

पाठ आणि गुडघे हे बायकांचे दुखणे. चार खोल्यांच्या गाद्या रोज उचलायच्या, लादी वाकून पुसायची. लांब दांड्याचा पोछा शे-दोनशे रुपयांना मिळतो, पण घरचे म्हणतात फडक्याने स्वच्छ निघते. फडक्याने पुसणाऱ्याने तसे म्हणावे! गादी एकटीने उचलू नये, उचलताना कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकावे. बाथरूमसाठी अॅसिड आणि ब्लिचिंग पावडर एकत्र कधीही टाकू नका, त्यातून विषारी वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. गॅसवरचा गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा. त्याच्या विषारी वायूला वास नसतो. पाहुणा आणि मालक दोघांनाही तो सारखाच मारतो. तिशीनंतर वर्षातून एकदा सरकारी दवाखान्यात रक्तदाब-साखर तपासून घ्यावी.

दारुड्या पाहुण्याचे काय, असे भगिनी विचारतात. पाटीवर दारूबंदी लिहा आणि खोली देतानाच वाचून दाखवा. तरी कोणी गोंधळ घातला तर बाईने एकटीने दार ठोठवायला जाऊ नये, शेजारी बोलवावेत, पोलिसांचा ११२ क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत असावा. आगाऊ रक्कम घेतलेली असली म्हणजे "निघा" म्हणायला जीभ अडत नाही.

आणि सुटी. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. फर्दापूरकडच्या मालकाला रविवारची रात्र रिकामीच जाते, तरी तो सोमवारी गल्ल्यावर बसून राहतो. त्याने सोमवारी दाराला कुलूप लावावे. ज्यांना कुलूप परवडत नाही अशा तीन घरांनी तिकडे सुरू केलेली रीत मला पटली. तिघांनी आठवड्यातला एकेक दिवस वाटून घेतला आहे. एकाच्या सुटीच्या दिवशी त्याचा पाहुणा दुसरा सांभाळतो, किल्ल्या देतो, नाश्ता घालतो, आणि त्या रात्रीच्या भाड्यातले शेकडा वीस रुपये ठेवून बाकीचे दुसऱ्या दिवशी पोचते करतो. सुटीवाले घर त्या दिवशी सकाळी उशिरा उठते. महिन्यातून एकदा तिन्ही घरे एकत्र जेवतात, वह्या समोर ठेवून कोणाला कमिशन किती गेले, कोणता धोबी चादरी फाडतो, कोणत्या गाइडने भिक्खूंचा गट आणला, हे बोलतात. मागच्या वेळी त्यांनी मिळून चाळीस चादरी घेतल्या. दुकानदाराने दर चादरीमागे पस्तीस रुपये कमी केले.